चादरीवरची शेवटची सही

पाइक रिव्हर, मिशिगन
बुधवार, १९ नोव्हेंबर १९८६, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे

प्रिय आयली,

हे पत्र लिहायला बसलो तेव्हा मी वेलदोडे सोलत होतो. चाळीस झाले, वीस राहिले. हात धुऊन बसलो आहे, तरी कागदाला वास लागला असेल तर माफ कर. माझी आधीची दोन पत्रे परत आली नाहीत, म्हणजे ती तुला पोचली असावीत. उत्तर आले नाही, त्याचा मी कोणताही अर्थ लावलेला नाही.

बातमी अशी की यंदाचे थँक्सगिव्हिंगचे जेवण बाबा स्वतः करणार आहेत. मी सहकारी दुकानात तयार जेवणाची चौकशी करून ठेवली होती (आम्हा नोकरांना दहा टक्के सूट असते), पण त्यांनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. हरणांच्या शिकारीचा मोसम चालू आहे आणि बाबा रानातल्या खोपटात गेलेले नाहीत. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडते आहे. बंदूक कपाटात आहे आणि टेबलावर आईची पाककृतींची कार्डे पत्त्यांच्या डावासारखी मांडलेली आहेत. काल जेवणानंतर ते चष्मा लावून त्यातले एक वाचत होते.

“‘पीठ, पुरेसं.’ पुरेसं म्हणजे किती? वॉरन, ही बाई तीस वर्षं माझ्या शेजारी झोपली आणि एवढी एक गोष्ट सांगून गेली नाही!”

मी म्हणालो, शब्दकोशात बघू का. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“बघ. आणि सापडलं तर वजनात सांग.”

पहिला गोड पाव रविवारी केला. तो इतका घट्ट झाला की बाबांनी त्याची एक चकती दाराला अडसर म्हणून लावून दाखवली. दुसरा मंगळवारी केला, तो आत कच्चा राहिला. आज तिसरा. ते सोडणार नाहीत. रस्तेखात्याची बर्फ हटवायची गाडी चालवून येतात, बूट काढतात, बाह्या सरसावतात आणि कणीक मळायला घेतात. मला वाटत नाही की मी तेवीस वर्षांत त्यांना कधी नीट बघितले होते.

आता टेबलावरच्या चादरीबद्दल. तुला सगळे माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिले की माझ्या डोक्यात गोष्टी ओळीने लागतात.

रविवारी, २३ मार्चला, तू जिन्यात उभी राहून बाबांना जे म्हणालीस ते मला शब्दशः पाठ आहे. “तिच्या अंगावरची माती सुकली नाही तोवर तुम्ही तिचं कपाट रिकामं केलंत. तिची चादरसुद्धा चर्चच्या जुन्या बाजारात विकलीत. ती चादर परत या टेबलावर आली तरच मला बोलवा.” बाबा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मी तुझ्या मागे तीन पायऱ्या वर उभा होतो.

तुझा राग मला कळतो. अठ्ठावीस वर्षे या घरात थँक्सगिव्हिंगला पाईच्या बशा उचलल्या की पेन्सिल फिरायची, जेवलेल्या प्रत्येकाने चादरीवर सही करायची, आणि ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आई सगळ्या सह्या धाग्याने भरून काढायची. दर वर्षी वेगळा रंग. पेन्सिलीतले नाव ख्रिसमसच्या टेबलावर दिसता कामा नये, हा तिचा नियम. तिची स्वतःची सही मात्र कधीच नसायची, कारण पेन्सिल फिरायची तेव्हा ती भांड्यांपाशी उभी असायची. गेल्या वर्षी आजारपणामुळे तिला खुर्चीत बसवले होते, म्हणून तू पेन्सिल तिच्या हातात दिलीस. तिने आपण काय लिहितो ते हाताने झाकून लिहिले आणि चादर दुमडली. त्या वर्षीच्या सह्या भरायची ताकद तिला उरली नाही. “ईस्टरला येऊन मी भरते,” असे तू तिला म्हणालीस, आणि ती ईस्टरपर्यंत थांबली नाही.

चादर कोणत्या पेटीतून गेली, कशी गेली, याबद्दल मी आज लिहीत नाही. उरलेले वीस वेलदोडे सोलायचे आहेत.

जेवण गुरुवारी २७ तारखेला, दुपारी तीन वाजता आहे. तू शिक्षिका आहेस, तुला त्या दिवशी सुट्टी असणारच. आलीस तर आनंद होईल. मी दहावीतच शाळा सोडली असली तरी शुद्धलेखन तपासून लिहिले आहे.

तुझा भाऊ,
वॉरन


पाइक रिव्हर
शुक्रवार, २८ नोव्हेंबर १९८६, सकाळी सात वाजून पाच मिनिटे

प्रिय आयली,

आता मी सूपासाठी टर्कीच्या हाडांवरचे मांस काढत होतो. ते तसेच ठेवून बसलो आहे. कालचे सगळे आजच लिहिले पाहिजे, नाहीतर माझा धीर जाईल.

तू आली नाहीस. बाबांनी पाच ताटे मांडली होती. आम्ही चौघे जेवलो: बाबा, मी, त्यांच्याबरोबर गाडीवर काम करणारा रेमंड, आणि हिल्मा ओया. हिल्माबाई तुला आठवत असतील. चिंध्यांच्या सतरंज्या विणतात, नदीपलीकडे एकट्या राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण माग अजून चालू आहे. बाबांनी त्यांना का बोलावले ते मला जेवण होईपर्यंत कळले नाही.

काल पहाटेपासून बर्फ पडत होता. म्हणजे बाबांना पाच वाजता कामावर जावे लागले. मी म्हणालो, टर्कीचे मी बघतो. “तू सलगम बघ,” ते म्हणाले, “टर्की माझा.” नऊ वाजता गाडी दारात उभी करून ते आत आले, टर्की भट्टीत ठेवला आणि परत गेले. मग काय झाले ऐक. त्यांची फेरी पन्नास मिनिटांची असते आणि ती आपल्या घरावरून जाते. दर पन्नास मिनिटांनी ती प्रचंड पिवळी गाडी दारात थांबायची, बाबा गमबूट घालून तसेच आत यायचे, भट्टी उघडून टर्कीवर त्याचाच रस चमच्याने सोडायचे, मला विचारायचे, “थर्मामीटर काय म्हणतो?”, आणि बाहेर पडायचे. सहा वेळा. मी फरशी सहा वेळा पुसली. रेमंड दुसऱ्या गाडीवर होता. तो जेवायला आला तोच म्हणाला, “रॉय, सगळा जिल्हा बर्फात रुतलाय आणि तुझ्या दारातलं डांबर उघडं पडून लाजतंय!”

“चूप बस आणि बूट काढ,” बाबा म्हणाले.

आयली, टर्की उत्तम झाला होता. आईच्यासारखा नाही म्हणणार, पण कातडी खुसखुशीत आणि आतले मांस ओले. गोड पाव सातव्या प्रयत्नात जमला. हिल्माबाईंनी तो नाकाशी धरला आणि म्हणाल्या, “साठ वेलदोडे. हेल्मीचाच.” आईचे नाव ऐकून बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

जेवणाआधी प्रत्येकाने आभार मानायचे, त्यात रेमंडने हरणाच्या सॉसेजचे मानले, जे त्याने स्वतःच आणले होते. मी सगळ्यांच्या प्रकृतीचे मानले. बाबा म्हणाले, “रस्ता मोकळा आहे. ज्याला यायचं असेल त्याला येता येईल.” एवढेच. आणि पाचव्या ताटाकडे बघितलेसुद्धा नाही.

पाई संपली. मी बशा उचलायला लागलो. टेबलावर प्लॅस्टिक अंथरलेले होते, मार्चपासून असते तेच. हिल्माबाईंनी ते बोटांनी चाचपले.

“हे काय? पेन्सिल कुठाय, रॉय? या घरात पाईनंतर पेन्सिल फिरते ना?”

मी म्हणालो, “चादर नाहीये आता, बाई.”

“नाही कशी? जूनमध्ये मी स्वतः याच्या हातात दिली की!”

माझ्या हातात तीन बशा होत्या. त्या मी खाली ठेवल्या. बाबा उठले, खिडकीजवळच्या कपाटाकडे गेले, जिथे त्यांची पिसे आणि दोरे आणि गळाला लावायच्या त्या खोट्या माश्या असतात, आणि सर्वांत खालच्या खणातून चादर काढून घेऊन आले.

चादर आहे, आयली. अठ्ठावीस रंग जसेच्या तसे आहेत. पण एका लांब बाजूची किनार वीतभर फाडून काढलेली आहे. जिथे गेल्या वर्षीच्या पाच सह्या होत्या तीच बाजू.

हिल्माबाईंनीच सांगितले. चर्चच्या बाजारात जुनी पांढरी कापडे त्या दर वर्षी गठ्ठ्याने घेतात आणि सतरंजीसाठी पट्ट्या फाडतात. “मी बघून फाडत नाही गं बाई, हातानंच फाडते,” त्या कोणाला तरी समजावत असल्यासारख्या म्हणाल्या. “सात-आठ पट्ट्या सरळ निघाल्या. मग बोटांना गाठी लागल्या. म्हटलं, हे भरलेलं कापड आहे, इथे कोणाची तरी वर्षं आहेत. थांबले. जूनमध्ये मीटर वाचायला माणूस आला त्याच्याकडून नावं वाचून घेतली आणि रॉयला फोन केला. पण रॉय, पोरा, पेन्सिल बोटांना लागत नाही. ती मला कळली नाही.”

“तुमचा काही दोष नाही,” बाबा म्हणाले.

“त्या पट्ट्या कुठल्या सतरंजीत गेल्या, हे तू मला विचारलंसुद्धा नाहीस!”

“तुम्ही म्हणालात, सगळ्या विकल्या.”

“विकल्या म्हणजे काय समुद्रात टाकल्या? पांढरं मी दोन्ही टोकांना घालते. मध्ये निळं होतं, कामाच्या शर्टांचं. अडीच हात लांब. जुलैच्या जत्रेत गेली.”

रेमंड सॉसेज चावायचा थांबला.

“निळी-पांढरी? एका कडेला जरा तिरकी?”

“माझं काहीही तिरकं नसतं.”

“बाई, ती माझ्याकडे आहे. सौनाच्या न्हाणीबाहेर, कपडे काढायच्या खोलीत.” मग त्याचा चेहरा पडला. “अरे देवा, रॉय. मी जुलैपासून तिच्यावर पाय पुसतोय.”

 मग बाबांच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटले ते रडत आहेत, पण ते हसत होते. “हेल्मी म्हणाली असती, निदान पाय धुतलेले तरी होते.”

रेमंड तसाच टोपी न घालता उठला आणि सतरंजी आणायला गेला.

आम्ही दोघे भांडी धूत होतो. मी विचारले, “तुम्ही मला का नाही सांगितलंत, चादर मिळाली म्हणून?”

“फाटलेली दाखवली असती तर तू महिनाभर जेवला नसतास.”

“मग आयलीला तरी सांगायचं होतंत. पेटी कोणाची होती ते.”

ते ताट पुसत राहिले. “तिची आई गेली होती. तिला कोणावर तरी रागवायचं होतं. माझी पाठ रुंद आहे. तुझी अजून नाही.”

आता लिहितो, आणि खाडाखोड करणार नाही. कपाट रिकामे करायला आईनेच सांगितले होते: माझे हिवाळी कोट वसंतातल्या बाजारात जाऊ द्या, पुढच्या थंडीत कोणाच्या तरी अंगावर असतील. बाबांनी मला कपडे भरायला सांगितले, फक्त कपडे. वरच्या फळीवरचे मी माझ्या मनाने भरले. प्रत्येक पेटीवर यादी लिहिली. तिसऱ्या पेटीवर लिहिले होते, ‘पांढऱ्या चादरी, चार.’ मी चार मोजल्या. उलगडली एकही नाही. सहीची चादर एका साध्या चादरीच्या घडीत होती. ती मी दिली, बाबांनी नाही. त्या रविवारी तू ओरडलीस तेव्हा त्यांनी एकदा वर माझ्याकडे बघितले आणि मग खाली बघितले. मी तीन पायऱ्या वर उभा होतो आणि आठ महिने तिथेच उभा आहे.

रागवायचे असेल तर आता रागाचा पत्ता बदल.

वॉरन


पाइक रिव्हर
रविवार, ७ डिसेंबर १९८६, दुपारी सव्वा वाजता

प्रिय आयली,

मी ख्रिसमसच्या झाडाच्या बुंध्याला पाणी घालत होतो. झाड काल आणले, मागच्या रानातून, सात फुटांचे. बाबांनी तीन झाडे सोडून हे निवडले, कारण आई नेहमी एका बाजूने उघडे असलेलेच आणायची. भरगच्च झाड कोणीही घेईल, म्हणायची, याला कोण घेणार.

तुझे कार्ड गुरुवारी मिळाले. तीन ओळी होत्या, तरी मी ते दुकानाच्या मागे उभा राहून पुन्हा पुन्हा वाचले. ‘पेटी तुझी होती हे कळले. मला विचार करू दे. बाबांना सांगू नकोस मी लिहिले.’ सांगितलेले नाही. पण पोस्टमास्तरीणबाईंनी ते कार्ड त्यांच्यासमोरच माझ्या हातात दिले.  त्या संध्याकाळी त्यांनी जेवण वाढताना शीळ घातली. हे मी सांगणे नव्हे, अशी माझी समजूत आहे.

सतरंजी उसवायला घेतली आहे. काम फार सावकाश चालते. हिल्माबाईंचे विणकाम इतके ठोकून बसवलेले असते की सुरीचे टोकसुद्धा शिरत नाही, आणि ऑगस्टमध्ये रेमंडने ती तळ्याच्या धक्क्यावर साबण लावून ब्रशने घासली होती. (तो हे सांगताना जवळजवळ गुडघ्यांवर आला. बाबा म्हणाले, “सतरंजी धुणाऱ्याला फाशी देत नाहीत.”) कापड ओढले की पेन्सिल पुसली जाईल, म्हणून बाबा चिमट्याने एकेक आडवी पट्टी सोडवतात, ज्या चिमट्याने ते गळाच्या माश्या बांधतात त्यानेच. कामावरून आल्यावर एक तास, रविवारी उजेड असेपर्यंत. मी दिवा धरतो आणि हिशेब ठेवतो. पांढरे तुकडे एकूण सोळा आहेत. अकरा निघाले.

पहिल्या टोकाच्या आठांत रेमंडची सही मिळाली. फिकट, पण त्याचा गिचमिड आर कोणीही ओळखेल. “हा बघ,” बाबा म्हणाले, “स्वतःच्याच नावावर पाय पुसत होता.” माझी सही नवव्या तुकड्यात होती, सरळ, एकाही अक्षराला धक्का नाही. बाबांची दहाव्यात, अर्धी.

तुझी अकराव्यात मिळाली, काल. तुकडा आत दुमडलेला होता, म्हणून साबण लागला नाही. बाबांनी तो ओल्या फडक्याखाली हलकी इस्त्री करून सरळ केला आणि खिडकीपाशी नेऊन बघत उभे राहिले.

“तिचा वाय बघ,” म्हणाले. “शेपटी केवढी लांब. सात वर्षांची असल्यापासून असाच काढते. मी म्हणायचो, कागद संपेल. म्हणायची, मग दुसरा द्या.”

आईची अजून मिळालेली नाही. पाच तुकडे राहिले. मला सारखे वाटते की तीच नेमकी बाहेरच्या घडीवर आली असेल, जिथे पाय पडतात. मी हे बाबांना बोललो नाही, पण दिवा वाकडा करून पुढच्या घडीत डोकावतो. “सरळ धर,” ते म्हणतात. “अजून पाच आहेत.”

बाकी तयारी: ओटची पेंढी पक्ष्यांसाठी कुंपणाच्या खांबावर बांधली. मेणबत्त्या खिडक्यांत लावल्या, आठ. आलूबुखार भरलेल्या पिठाच्या चांदण्या बाबा पुढच्या आठवड्यात भाजणार. सरावाच्या पहिल्या खेपेला टोके वळवताना त्यांनी पाचऐवजी सहा टोके केली होती आणि म्हणाले होते की एखादी चांदणी अशी असू शकते.

विचार करत असशील तर कर. घाई नाही. म्हणजे, माझ्याकडून नाही.

वॉरन


पाइक रिव्हर
गुरुवार, १८ डिसेंबर १९८६, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे

प्रिय आयली,

दुकानाच्या कोठारात, टोमॅटोच्या डब्यांच्या खोक्यावर बसून लिहितो आहे. जेवणाच्या सुट्टीची वीस मिनिटे उरली आहेत. आताच डबे मोजून झाले. दोनदा मोजले, कारण लक्ष लागत नव्हते.

आईची सही मिळाली. काल, संध्याकाळी साडेपाचला, पंधराव्या तुकड्यात.

चौदाव्यात काही नव्हते. पंधरावा बाबांनी सोडवला तेव्हा वरून तो अगदी कोरा दिसला, राखाडी पडलेला. मी वहीत ‘कोरा’ असे लिहायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, “थांब.” त्यांनी चिमट्याने घडी उघडली, आतली, आणि दिव्याखाली धरली. मग चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला.

तिने नुसती सही केलेली नाही, आयली. म्हणून तर हाताने झाकले होते. लिहिले आहे:

‘हेल्मी. या वर्षी मी बसले.’

बाबा हसले. थँक्सगिव्हिंगला हसले तसे नव्हे, मोठ्याने, खोकला येईपर्यंत. “तीस वर्षं!” म्हणाले. “तीस वर्षं मी या बाईला म्हणत होतो, बस जरा, बस जरा. आणि बसली तर मला न सांगता चादरीला सांगितलं!” मग कोट घातला, फावडे घेतले आणि अंगणातली वाट साफ करायला गेले. वाट साफच होती. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी ती फाटकापर्यंत झाडली आणि परत दारापर्यंत झाडली.

आत आल्यावर कामाला लागले. रात्री जेवणाआधी सह्यांच्या पाच तुकड्यांपैकी दोन चादरीला जोडले गेले होते, आज पहाटे कामावर जाण्यापूर्वी उरलेले तीन. ते ज्या रेशमाने माश्यांची पिसे बांधतात तेच रेशीम वापरले. मी भिंगाने बघितले. एका इंचात बावीस टाके, आणि उजवीकडून बोट फिरवले तर जोड लागत नाही. हे ते हात आहेत जे सकाळी बारा टनांची गाडी वळवतात. यंदाच्या चार सह्यासुद्धा (थँक्सगिव्हिंगच्या रात्री सतरंजी आल्यावर पेन्सिल फिरली होती) त्यांनी गेल्या काही दिवसांत स्वतः भरल्या, तांबड्या रंगात. हिल्माबाईंचे नाव जरा उतरत गेले आहे, कारण बाबा त्यांचा हात धरायला गेले आणि त्या म्हणाल्या, “सोड, मला येतं.”

मी म्हणालो, आता गेल्या वर्षीच्या पाच राहिल्या. धागा आईच्या टोपलीत आहेच, गेल्या वर्षी तिने आणून ठेवलेला, पिवळा, कागदाची पट्टीसुद्धा तशीच आहे. तुमचा हात बसला आहे, भरून टाका.

“नाही,” ते म्हणाले.

“पण चोवीस तारखेला अंथरायची तर पेन्सिलीत नाव चालत नाही.”

“मग नाही अंथरायची. प्लॅस्टिक आहे.”

“बाबा, सहा दिवसांवर आलं आहे.”

“वॉरन, ते काम कोणाला दिलेलं आहे ते तुला माहीत आहे. ईस्टरला भरते, असं ती म्हणाली आणि हेल्मीनं मान हलवली, मी तिथेच बसलो होतो. त्यात मी हात घालणार नाही. ईस्टर दर वर्षी येतो.” मग थोड्या वेळाने, कणीक मळायला घेतल्यावर म्हणाले, “आणि तिला फोनबिन करून गळ घालू नकोस. ती हेल्मीवर गेली आहे. हिला कोणी बस म्हटलं की ही उभी राहते.”

मी फोन करत नाही. पत्र लिहितो आहे, त्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

आयली, तू म्हणाली होतीस, चादर या टेबलावर येईल तेव्हा मला बोलवा. मी नियम नीट तपासला आहे. तू आल्याशिवाय ती टेबलावर येऊ शकत नाही, आणि ती टेबलावर आल्याशिवाय तू येणार नाहीस. दोघांपैकी कोणीतरी आधी आले पाहिजे. चादर घडी करून माझ्या खोलीत ठेवली आहे. या वेळी मी ती उलगडून, पूर्ण बघून, मग घडी केली. ती चालू शकत नाही. तू बसने येऊ शकतेस.

तिकीट सोबत आहे. मंगळवारी २३ तारखेला सकाळी सव्वासातला मिनियापोलिसहून निघते, संध्याकाळी चार चाळीसला पेट्रोल पंपापाशी पोचते. बर्फ पडला तरी उशीर होणार नाही. मंगळवारी त्या रस्त्यावर बाबांची पाळी आहे. त्यांना मी काही सांगितलेले नाही, पण हे लक्षात ठेव की तुझ्या बसच्या पुढे रस्ता मोकळा करत जाणारी पिवळी गाडी त्यांचीच असेल.

पाच सह्यांना दोन संध्याकाळी पुरतात, असा आईचा वेग होता. तुझा मला माहीत नाही.

बाबांना एवढेच म्हण, की पेटी वॉरनची होती. ते म्हणतील, माहीत आहे. त्यापुढे काय बोलायचे ते मला सुचत नाही. तू शिकलेली आहेस.

सुट्टीची चार मिनिटे उरली. खर्च लिहून ठेवतो, म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको.

बसचे तिकीट, एकेरी (परतीचे तू ठरव): ३८ डॉलर ५० सेंट. दिले.
वेलदोडे, सात खेपांचे: ११ डॉलर २० सेंट. दिले.
आलूबुखार, लोणी, साखर: ६ डॉलर ८५ सेंट. दिले.
रेमंडसाठी नवी सतरंजी, बाबांच्या जुन्या विजारींची: १५ डॉलर. हिल्माबाईंना ५ दिले, १० देणे. पैसे त्यांना नको आहेत. त्याऐवजी दर रविवारी एक गोड पाव मागतात. बाबांनी कबूल केले.
पिवळा धागा, एक लडी: पैसे आईने गेल्या वर्षीच दिले होते. शिल्लक, न उघडलेली.

वॉरन